दगडाऐवजी वीट

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत बायबलमधल्या उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायातलं तिसरं वचन आलं की आप्पांचा आवाज बदलायचा. ही बाबेलची गोष्ट, बुरूज बांधणाऱ्यांच्या भाषांचा देव गोंधळ करतो ती. शिनार देशातल्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या, सपाट मैदानात माणसं जमतात आणि एकमेकांना म्हणतात, चला, विटा करू आणि त्या चांगल्या भाजू. पुढं शास्त्र, म्हणजे बायबल, सांगतं की त्यांच्यापाशी दगडाऐवजी वीट होती आणि चुन्याऐवजी डांबर. आप्पा तिथं थांबून चष्म्यावरून आमच्याकडे बघायचे. "चांगल्या भाजू म्हणतोय बघा. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, वीट नुसती वाळवूनबी चालते. भाजायची म्हणजे जळण लागतंय."

आप्पांना ते कळणारच. खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी एका वीटभट्टीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आधी थापणारे म्हणून, पुढं भट्टी रचणारे आणि पेटवणारे म्हणून. खानापूरची माती नावाजलेली. कौलं, मडकी, विटा, सगळ्याला चालते. पावसाळा सरला की काठाची माती खणायची, रात्रभर भिजत घालायची, पहाटे पायांनी तुडवायची, तूस घालून पुन्हा मळायची. मग त्याचा गोळा वाळूत घोळवून लाकडी साच्यात असा आदळायचा की चारी कोपरे एका दणक्यात भरले पाहिजेत. वरचा जादा चिखल पट्टीनं काढून साचा उलटा करायचा. जमिनीवर ओल्या विटांच्या रांगा लागत, आणि रात्री भट्टीवरचं कुत्रं हमखास त्यांच्यावरून चालत जाई. सकाळी चार-सहा विटांवर पंजे उमटलेले असत. असली वीट मोजणीत धरत नसत. तरी ती भट्टीत जायची, भाजून निघायची. तशी एक वीट आप्पांनी घरी आणली होती. मागच्या दारी, न्हाणीच्या पायरीला ती बसवलेली होती. ओली झाली की पंज्याच्या चारी बोटांत पाणी साचायचं. लहानपणी मी त्यात बोट बुडवत बसायची.

एकदा, मी सातवीत असेन, आप्पांनी प्रार्थनेनंतर विचारलं, "दगडाऐवजी वीट, असं सांगायची गरज काय होती गं? वीट होती म्हटलं की झालं की."

मला उत्तर आलं नाही. आमच्या गावात घरं चिऱ्याची. लाल जांभा खाणीतून कापून आणायचा आणि रचायचा. वीट ही कारखान्याला, शाळेच्या नव्या खोलीला. आप्पा स्वतःच म्हणाले, "ऐकणारे आपल्यासारखे दगडाच्या घरातले असणार. त्यांना सांगावं लागलं असंल, बाबांनो, तिकडं दगडच मिळत नाही."

बीएस्सीला बेळगावात शिकताना ग्रंथालयात मेसोपोटेमियाच्या उत्खननावरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं, आणि आप्पा खरे होते हे मला तिथं उभ्या-उभ्या समजलं. इराकचा दक्षिण भाग म्हणजे युफ्रेटिस आणि टायग्रिस यांनी आणून टाकलेला गाळ. मैलोन्‌मैल दगड नाही. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात तिथलं प्राचीन ऊर नगर खणलं. तिथला उंच पायऱ्यांचा मनोरा, झिगुरात, उर-नम्मू राजानं इसवी सनापूर्वी एकविसाव्या शतकात बांधायला घेतलेला. त्याचा गाभा कच्च्या विटांचा आणि बाहेरचं आवरण भाजलेल्या विटांचं, डांबरात बसवलेलं. जळण महाग, म्हणून भाजलेली वीट फक्त जिथं पाणी लागतं तिथं. बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय यांना मोठ्या मनोऱ्याचा पाया सापडला, एकेक बाजू सुमारे ९१ मीटर. उलट कनान, म्हणजे शास्त्र ऐकणाऱ्या इस्राएली लोकांचा डोंगराळ मुलूख, चुनखडीचा. तिथं घर बांधायचं म्हणजे पायाखालचा दगड उचलायचा. दगडाऐवजी वीट, चुन्याऐवजी डांबर, हे वाक्य त्या डोंगरातल्या माणसाला सांगितलेलं आहे.

यावरून बाबेलची गोष्ट सिद्ध झाली असं मी म्हणत नाही. वीट सापडली म्हणजे भाषांचा गोंधळ सापडला असं होत नाही. पण एका भट्टीवाल्यानं, कॉलेजचं तोंड न बघता, एक शब्द सोडायचा नाही या हट्टानं वाचलं आणि तो दोन देशांच्या मातीतला फरक ओळखून बसला. शब्दशः वाचणं म्हणतात ते मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

आता दुसऱ्या दगडाची गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जाते.

कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सहलीत आम्हाला सौंदत्तीकडे नेलं होतं. आमच्या भट्टीवरून वाहणारी मलप्रभाच पुढं नविलुतीर्थाजवळ एका कठीण दगडाची रांग कापून जाते, तिथं धरण आहे. तो दगड म्हणजे क्वार्टझाइट, मुळात वाळू. त्याच्या एका फळीवर सरांनी पाण्याची बाटली ओतली आणि ओल्या दगडावर लाटा उठल्या. मी चुकीचं लिहीत नाही, खरोखर लाटा. नदीच्या उथळ काठावर पाणी ओसरल्यावर वाळूत बोटभर अंतरानं जशा नागमोडी वळ्या राहतात, तशाच, पण दगडात. मी हात फिरवला तर तळव्याला एकेक वळी लागत होती.

पुढच्या सुट्टीत मी आप्पांना तिथं घेऊन गेले. त्यांनी चप्पल काढली, उकिडवे बसले, दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि म्हणाले, "नोहाच्या वेळचं पाणी." नोहाचा प्रलय, म्हणजे देवानं सगळं जग पाण्यात बुडवलं ती उत्पत्तीतली गोष्ट.

सरांनी मला जे शिकवलं होतं ते मला माहीत होतं. हा थर कलादगी खोऱ्याचा, शंभर कोटी वर्षांहून जुना. त्यात एक शिंपला नाही, एक हाड नाही, एक पान नाही, कारण तेव्हा यातलं काहीच नव्हतं. त्याच खोऱ्यात लोकापूरकडच्या खडकांत स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्म जीवांच्या थरांनी बनलेल्या कांद्याच्या चकत्यांसारख्या रचना. त्या वेळच्या जीवसृष्टीची खूण म्हणायची तर एवढीच. शिवाय असल्या वळ्या प्रलयाच्या पाण्यात उमटत नाहीत. त्याला उथळ, शांत, रोज येऊन रोज जाणारं पाणी लागतं. एक थर लाटांचा, त्यावर वाळू, त्यावर पुन्हा लाटा. जगाला बुडवणाऱ्या पाण्याला इतकी सवड नसते.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. घाईनं सांगितलं, नव्या शिकलेल्या माणसाच्या आवाजात. आप्पा ऐकत राहिले. परतीच्या बसमध्ये बैलहोंगल येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवानं जग सहा दिवसांत केलं म्हणजे सहा दिवसांत, बाळा. मी तसंच वाचणार. खरं, दगडात दिसतंय त्याला मी नाही म्हणणार नाही. देवाचाच दगड हाय तो." आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून तो शब्द मला दोन्ही अर्थांनी ऐकू आला.

मी आज खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि रविवारी शब्बाथशाळेत मुलांना उत्पत्ती शिकवते. दोन्हीकडून मला ऐकून घ्यावं लागलेलं आहे. एका प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बंधूंनी सगळ्यांसमोर सांगितलं की माकडापासून माणूस शिकवणाऱ्या बाईंच्या हाती लेकरांचं शास्त्र देऊ नये. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी म्हणाले की बाई, दहावीला उत्क्रांती शिकवता आणि रविवारी मातीचा आदाम, यातलं एक तरी खोटं सांगत असाल. त्या दोन्ही दिवशी घरी येऊन मी रडले आहे. पण दोघांचा समज एकच होता, हे मला फार उशिरा कळलं. उत्पत्तीचा पहिला अध्याय म्हणजे जग कसं बनलं याचा अहवाल, असं दोघंही धरून चालले होते. एकाला तो अहवाल वाचवायचा होता, दुसऱ्याला खोडायचा होता.

मी मुलांना वचन वाचायला लावते, हळू, आप्पांसारखं. "प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली." मग दिवस मोजायला लावते. संध्याकाळ झाली व सकाळ झाली, हा पहिला दिवस. दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी सूर्य येतो. एखादं पोर लगेच हात वर करतं, टीचर, मग आधीच्या तीन सकाळी कशा झाल्या? ही शंका विज्ञानातून आलेली नाही, वचनातूनच आली आहे. आणखी वाचा म्हणते. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनाची मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, भाषा बघितली तर आकाश आणि पृथ्वी घडवण्याच्या सगळ्या काळाला मिळून एकच शब्द येतो, दिवस, 'योम'. पहिल्या अध्यायात झाडं आधी, माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी आणि बाग नंतर. भावाचा खून केलेल्या काइनाला, आदामाच्या मुलाला, भीती वाटते की भेटेल तो आपल्याला मारेल, आणि तो नगर बांधतो. कुणासाठी? बाबेलची गोष्ट अकराव्या अध्यायात, पण दहाव्यातच राष्ट्रं आपापल्या भाषांप्रमाणे वाटलेली आहेत. इथं बेळगाव जिल्ह्यात, जिथं दुकानाच्या पाटीवरची अक्षरं कुठल्या भाषेतली हा रोजचा जिवाचा प्रश्न आहे, जिथं एकाच देवालयात सकाळची उपासना मराठीत आणि नंतरची कन्नडमध्ये होते आणि 'प्रारंभी देवाने' म्हणणारी माणसं दारात 'आदियल्ली देवरु' म्हणणाऱ्यांना हात जोडून बाहेर पडतात, तिथल्या मुलांना हा दहावा अध्याय दाखवावाच लागतो.

हे लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असेल? आमच्या आप्पांच्या नजरेतून तूस कमी पडलेली वीट सुटत नव्हती. ज्यानं हे अध्याय एकापुढं एक ठेवले त्याला ते दिसत होतं, आणि त्यानं ते तसेच ठेवले.

चौथ्या दिवसाचंच बघा. तिथं सूर्याचं आणि चंद्राचं नावच घेतलेलं नाही. मोठी ज्योती, लहान ज्योती. किती वर्षं मी ते नुसतं वाचून पुढं गेले. इब्री भाषेत सूर्य 'शेमेश'. शेजारच्या बाबेलमध्ये 'शमाश' हा देव, राजांना न्यायाचे कायदे देणारा. त्या लोकांच्या देशात बंदिवान होऊन राहिलेल्या इस्राएली माणसांना हे वचन कसं ऐकू आलं असेल? ज्याच्यापुढं तुमचा राजा गुडघे टेकतो तो आमच्या देवानं लावलेला दिवा आहे, आणि तोही चौथ्या दिवशी. इतकं धीट वाक्य सूर्याचा जन्म किती वर्षांपूर्वी झाला या हिशेबात आम्ही गमावून बसलो, याचं मला खरंच दुःख होतं.

आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात वंशावळ्या जुळवून सृष्टीचं साल इसवी सनापूर्वी ४००४ काढलं. पुढं ते इंग्रजी बायबलच्या समासात छापलं गेलं आणि समासातलं साल लोकांना वचनाइतकंच पवित्र वाटू लागलं. पण त्यांच्याही बाराशे वर्षं आधी संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर, हेच शीर्षक देऊन, मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात की हे सहा दिवस आपल्या सूर्याच्या दिवसांसारखे धरता येत नाहीत. आणि बजावतात की आकाश, तारे, प्राणी यांबद्दल विश्वास न ठेवणाऱ्यालाही जे नीट माहीत आहे, त्याबद्दल ख्रिस्ती माणसानं शास्त्राच्या नावानं भलतंच बोलू नये, कारण मग पुनरुत्थानाबद्दल तो आपलं कशाला ऐकेल. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आहे. डार्विन नाही, दुर्बीण नाही, कुणाची भीती नाही.

विसाव्या शतकात जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूंनी १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावतं आहे हे गणितानं मांडलं आणि १९३१ मध्ये त्याचा आरंभ एका आदिम अणूत असावा असं सुचवलं. १९५१ मध्ये पोपनी त्यात सृष्टीच्या निर्मितीची साक्ष पाहिली, तर ते लमेत्रना रुचलं नाही. माझं समीकरण देवाच्या बाजूनं साक्षीला उभं करू नका, अशी त्यांची भूमिका. रोज मिस्सा अर्पण करणाऱ्या माणसाची.

वर्गात मी बेळगावचा काळा दगड दाखवते. आपलं शहर दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण काठावर बसलेलं आहे, हा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. मुलं विचारतात, कुणी मोजलं? मोजण्याची रीत साधी आहे. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार हळूहळू बदलत असतो, निम्मा बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षं, आणि त्यातून काही अंशी आर्गॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना वायू निसटून जातो, दगड घट्ट झाला की आत कोंडून राहतो. किती कोंडला ते मोजायचं. घड्याळ चुकेल म्हणाल तर युरेनियमचं वेगळं घड्याळ आहे, आणि वेगवेगळी घड्याळं जवळपास एकच वेळ दाखवतात. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची. देवानं दगड खोटा बोलेल असा घडवला, हे मी मानू शकत नाही. माझ्या विश्वासालाच ते परवडत नाही.

प्रलयाबद्दल मला मार्ग सापडला तो मात्र गोकाकला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा एकदम चढल्या. पाणी उतरल्यावर मी गोकाकला मावशीच्या घरी साफसफाईला गेले. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची सरळ रेघ होती, जणू दोरी लावून मारलेली. जमिनीवर टाचभर गाळ, मऊ, चॉकलेटी, आणि त्यात मावशीच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ उपडं. मावशी दारात बसून एकच वाक्य म्हणत होती, "सगळं जग बुडालं गं." कोणीही तिला सांगितलं नाही की मावशी, खानापूर बुडालं नाही.

इब्रीत 'एरेत्स' म्हणजे पृथ्वी आणि 'एरेत्स' म्हणजे मुलूखही. वुलींना १९२९ मध्ये ऊरमध्ये आठ फुटांहून जाड स्वच्छ गाळाचा थर लागला, खाली आणि वर माणसांच्या वस्तीच्या खुणा. त्यांना वाटलं नोहाचा प्रलय सापडला. पण जवळच्याच एरिदू नगरात तसा थर नाही, आणि इतर नगरांतले पुराचे थर वेगळ्या काळातले निघाले. गाळानं साक्ष दिली ती इतकीच, की त्या मैदानात मावशीसारखी माणसं पुन्हा पुन्हा दारात बसलेली होती. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या, प्राचीन निनवे नगरातून आणलेल्या मातीच्या पाटीवर प्रलयाची बाबेली कथा वाचली. तारू, डोंगराला टेकणं, पाखरं सोडणं, सगळं तिथं आहे. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या की फरक बोलू लागतो. एका बाबेली कथेत देव प्रलय पाठवतात कारण माणसांच्या गोंगाटानं त्यांची झोपमोड होते. शास्त्रात देव पाहतो की पृथ्वी जुलमानं भरली आहे, आणि त्याच्या मनाला दुःख होतं. दुःख झालेला देव. मावशीच्या दारात बसलेली असताना मला दुसरा कुठलाही देव चालला नसता.

सगळंच जुळतं असं नाही. इस्राएलचा मूळपुरुष अब्राहाम, त्याच्या घरचे उंट मला अजून टोचतात. तेल अवीवच्या संशोधकांना त्या भागात पाळीव उंटांची हाडं इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची मिळाली, म्हणजे अब्राहामाच्या मानलेल्या काळानंतर कित्येक शतकांनी. अब्राहाम जिथून निघाला त्या नगराचं 'खास्द्यांचं ऊर' हे नावही तसंच, खास्दी लोक तिथं फार पुढं आले. नावाचं मला समजतं. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४ मध्ये बेळगावात बांधली असं आपण म्हणतोच, त्या वेळी गावाला वेणुग्राम म्हणत होते तरी. सांगणारा आपल्या काळच्या माणसांना कळेल असं सांगतो. उंटांचंही तसंच असेल. मी ते तिथंच ठेवते, घाईनं बुजवत नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आप्पांना ऊरच्या विटांची चित्रं मोबाइलवर दाखवत होते. तिथल्या काही विटांवर कुत्र्याच्या पंजांचे ठसे आहेत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी युफ्रेटिसच्या काठी ओल्या विटा वाळत घातल्या आणि रात्री कुत्रं त्यांच्यावरून गेलं. आप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला. मग उठून, भिंतीचा आधार घेत मागच्या दारी गेले, न्हाणीच्या पायरीजवळ वाकले आणि आपल्या विटेतल्या पंज्यातलं पाणी बोटानं काढून पुन्हा मोबाइलकडे बघितलं.

"तिकडची भाजलेली का कच्ची?"

"भाजलेली, आप्पा."

"मग बराबर हाय," ते म्हणाले, आणि मला शास्त्र आणायला सांगितलं. अकरावा अध्याय मी वाचला. विटा, डांबर, बुरूज, भाषा, मग शेमाची लांबलचक वंशावळ. आप्पा डोळे मिटून प्रत्येक नावाला मान हलवत होते. तेरह आपला मुलगा अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, नातू लोट आणि सून साराय यांना घेऊन ऊर नगरातून निघाला, इथपर्यंत आल्यावर त्यांनी हात वर केला, आणि आम्ही प्रार्थनेला उभे राहिलो.